जर्मनीत मास्टर्स: विंटर सेमिस्टर धरायचं की समर?

जर्मनीला मास्टर्सला जायचं ठरलं की घरात आधी विद्यापीठाची चर्चा होते, मग खर्चाची. कधी जायचं यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. जूनमध्ये शेवटची परीक्षा झाली की ऑक्टोबरला विमान, असं सगळे धरून चालतात. पुण्यातून इंजिनिअरिंग करून मी याच वाटेनं गेले आणि नंतरच्या बऱ्याच मुलामुलींचे अर्ज जवळून पाहिले. त्यांच्यातल्या ज्यांची फरफट झाली त्यांचे गुण कमी नव्हते, पैशांचीही सोय होती. एखादा कागद हाती यायला तीन आठवडे उशीर झाला आणि त्यापायी सहा महिने गेले, कुणाचं अख्खं वर्ष गेलं.

म्हणून माझं सांगणं असं, की विंटर चांगलं की समर हा वाद आधी बाजूला ठेवा. तुमच्या कागदांपैकी सगळ्यात शेवटी कोणता हाती येणार आहे ते शोधा. तो कधी येईल हे कळलं की सेमिस्टरचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

हा लेख भारतातल्या पदवीवर जर्मनीत मास्टर्स करणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर बॅचलर्सला जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. नुसत्या बारावीवर साधारणपणे थेट प्रवेश मिळत नाही. स्टुडिएनकोलेग हे पूर्वतयारीचं वर्ष, भारतात पदवीचं किमान एक वर्ष पूर्ण किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, यांपैकी काहीतरी लागतं. शिवाय बॅचलर्सचे बहुतेक अभ्यासक्रम विंटरलाच सुरू होतात, त्यामुळे त्यांच्यापुढे निवड अशी फारशी नसतेच.

## १. जर्मन विद्यापीठाचं वर्ष आधी समजून घ्या

जर्मनीत वर्षाची दोन सेमिस्टरं असतात. विंटर सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि समर सेमिस्टर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष तासिका विंटरला ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतात, समरला एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. उरलेले महिने परीक्षा, प्रकल्प, इंटर्नशिप यांत जातात.

यात एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. फाखहोखशुले, म्हणजे ज्यांना हल्ली उपयोजित विज्ञान विद्यापीठं म्हणतात, त्यांचं वर्ष महिनाभर आधी सरकतं. त्यांचं विंटर १ सप्टेंबरला आणि समर १ मार्चला सुरू होतं, तासिका बऱ्याच ठिकाणी मार्चच्या मध्यालाच चालू होतात. अर्जाची शेवटची तारीख मात्र तिथेही अनेकदा १५ जानेवारीच असते. १५ जानेवारीला अर्ज, फेब्रुवारीत निकाल आणि मार्चच्या मध्याला वर्गात हजर, हे भारतातून व्हिसा काढून जाणाऱ्याला जवळजवळ अशक्य आहे. अशा ठिकाणी समरला जायचं असेल तर अर्जाची खिडकी उघडेल त्या आठवड्यातच अर्ज टाका, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.

## २. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम समरला उघडतो का, ते पाहा

मास्टर्सचे कितीतरी अभ्यासक्रम, विशेषतः इंग्रजीतून शिकवले जाणारे, फक्त विंटरला प्रवेश देतात. डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा या संस्थेच्या, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या सूचीत प्रत्येक कोर्सपुढे तो कोणत्या सेमिस्टरला सुरू होतो आणि अर्जाची मुदत काय, हे लिहिलेलं असतं. तिथून सुरुवात करा, पण शेवटचा शब्द विद्यापीठाच्या स्वतःच्या पानाचा. तारखा बदलल्या की आधी त्या पानावर बदलतात.

दहा-बारा अभ्यासक्रमांची यादी करा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: विंटर की समर की दोन्ही, युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी अर्जाची मुदत, अर्ज थेट की युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत आणि जागा मर्यादित आहेत की नाहीत. दुसरा मुद्दा जपून वाचा. १५ जुलै आणि १५ जानेवारी या ठरलेल्या तारखा सगळीकडे ऐकू येतात, पण परदेशी अर्जदारांसाठी मुदत बऱ्याचदा खूप आधी संपते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अनेक मास्टर्सची विंटरची मुदत ३१ मे आणि समरची ३० नोव्हेंबर असते. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात युरोपीय संघाबाहेरच्या अर्जदारांना अनेक मास्टर्ससाठी १ मार्चच्या आत अर्ज करावा लागतो. १५ जुलै डोक्यात ठेवून बसलेल्याला आखेनचं दार बंद झाल्याचं साडेचार महिन्यांनी कळतं.

दोन्ही सेमिस्टरला प्रवेश असेल तरी आणखी एक पायरी उरते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्या अभ्यासक्रमाचं मोड्यूलहांडबूख, म्हणजे विषयांची पुस्तिका, उतरवून घ्या आणि कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला शिकवला जातो ते वाचा. पायाभूत विषय फक्त विंटरला असतील, तर समरला आलेल्यानं आधी दुसऱ्या सत्राचे प्रगत विषय घ्यायचे आणि नंतर पाया भरायचा. ज्याचा पदवीचा विषय तोच आहे त्याला हे जमतं. मेकॅनिकल करून डेटा सायन्सकडे वळणाऱ्याला ते फार जड जातं. कोणी नापास झालं आणि तो विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर चार सेमिस्टरचं शिक्षण पाचवर जातं. एका जादा सेमिस्टरचा अर्थ फक्त राहण्या-खाण्याचेच सुमारे सहा हजार युरो. शुल्क असलेल्या ठिकाणी ते वेगळं: बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या विंटरपासून मास्टर्सला दर सेमिस्टर ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत.

शंका राहिली तर अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला दोन ओळींचा ईमेल करा: "समरला सुरुवात केली तर चार सेमिस्टरमध्ये पूर्ण होतं का, आणि समरला येणाऱ्यांसाठी विषयांचा वेगळा आराखडा आहे का?" जर्मन माणूस अशा नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो. प्रस्तावना, स्वतःची ओळख, विद्यापीठाचं कौतुक यांची त्यात गरज नाही.

## ३. शेवटचा कागद शोधा

आता आपल्या बाजूचं पाहू. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत शेवटच्या सत्राची परीक्षा साधारण मे-जूनमध्ये होते. निकाल जुलैत लागला तर उत्तम, ऑगस्टपर्यंत लांबला तरी नवल नाही. त्यानंतर गुणपत्रिका कॉलेजात येणार, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट निघणार, ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज करायचा. पदवीदान समारंभ आणखी पुढे. कोणाची एटीकेटी राहिली असेल किंवा पुनर्मूल्यांकनाला पेपर टाकला असेल, तर त्यात आणखी काही आठवडे धरा.

दुसऱ्या बाजूला एपीएस. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचं हे शैक्षणिक तपासणी केंद्र भारतीय गुणपत्रिका खऱ्या आहेत का हे पडताळून प्रमाणपत्र देतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं, आणि बहुतेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. शुल्क १८,००० रुपये. आधी ऑनलाइन नोंदणी, मग कागदांचा संच कुरिअरनं दिल्लीला. यादीतला एक कागद कमी पडला की फाइल अडकते, म्हणून पाकीट बंद करण्यापूर्वी यादी कोणाकडून तरी पुन्हा तपासून घ्या. गर्दीच्या महिन्यांत दोन महिने हाताशी ठेवूनच हिशेब करा.

एपीएससाठी पदवी पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही. शेवटच्या वर्षात असताना तोवरच्या गुणपत्रिका आणि कॉलेजचं पत्र जोडून अर्ज करता येतो. तुमच्या पदवीला किती सत्रांचे निकाल लागतात हे एपीएसच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा आणि तेवढे निकाल हाती आले की त्याच आठवड्यात अर्ज करा. पदवी संपताक्षणी त्याच ऑक्टोबरला जायचं असेल तर याला दुसरा मार्ग नाही. जूननंतर एपीएसला हात घालणाऱ्यानं त्या वर्षाचं विंटर मनातून काढून टाकावं.

नावाचा घोळ हा खास आपल्याकडचा सापळा. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, शेजारी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव वेगळ्या. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे आद्याक्षर, कुठे गायबच. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग आणि पदवीवरचं स्पेलिंग वेगळं असेल तर तिसऱ्या वर्षातच दुरुस्तीचा अर्ज टाका, विद्यापीठातून बदल होऊन यायला महिने लागू शकतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आणि विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. जर्मनीच्या सगळ्या अर्जांत पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा, एका अक्षराचाही फरक नको.

सिलॅबसकडेही दुर्लक्ष होतं. तांत्रिक विद्यापीठं तुम्ही शिकलेले विषय त्यांच्या बॅचलर्सच्या विषयांशी ताडून पाहतात, आणि त्यासाठी प्रत्येक विषयाची माहिती, तास, क्रेडिट लागतात. कॉलेजचा शिक्का असलेली सिलॅबसची प्रत कॉलेज सोडण्यापूर्वी घ्या. सुट्टीत विभागाचं ऑफिस बंद असतं आणि सर गावाला गेलेले असतात.

## ४. गुणांचा हिशेब आत्ताच करा

जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण बदलायला बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, ३ नं गुणा आणि १ मिळवा. दहाच्या पट्टीवर उत्तीर्ण ४ ला असेल, तर ८ सीजीपीए म्हणजे २.०, आणि ७ म्हणजे २.५. अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगली अशी असते.

सेमिस्टर ठरवताना याचा उपयोग असा, की सातव्या सत्रापर्यंतचा सीजीपीए ६.८ असेल आणि आठव्यात तो ७ च्या वर जाणार असेल, तर आधीच्या गुणांवर घाईनं अर्ज करण्यापेक्षा पूर्ण निकालावर पुढच्या फेरीत अर्ज करणं शहाणपणाचं. जर्मन विद्यापीठात ही अट कागदावर असते, तिथे विनंतीपत्र लिहून सूट मिळत नाही.

## ५. अर्ज: कॅलेंडर मागून पुढे भरा

विंटर धरलं असेल तर आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून सुरुवात करा. तेव्हा अभ्यासक्रमांची यादी आणि आयईएलटीएस किंवा टोफेलची तयारी. दिवाळीच्या आसपास परीक्षा. काही अभ्यासक्रम जीआरई किंवा गेट मागतात, तेही याच काळात उरकायचं. डिसेंबर-जानेवारीत एपीएस. फेब्रुवारी ते मे अर्ज. जून ते ऑगस्ट विद्यापीठांची उत्तरं. पहिलं पत्र हातात पडताच व्हिसा.

समर धरलं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये निकाल आणि लगेच एपीएस, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरं, मार्चअखेर प्रस्थान. इथे अडचण अशी की मधल्या काळात नाताळ येतो. साधारण २३ डिसेंबर ते ६ जानेवारी जर्मनीतली कार्यालयं अर्धी झोपलेली असतात, ईमेलला उत्तर येत नाही. तुमच्या तीन महिन्यांतले दोन आठवडे तिथेच जातात.

युनि-असिस्टबद्दल थोडं. बर्लिनची ही संस्था अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्जांची प्राथमिक तपासणी करते. एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात. काही विद्यापीठांना आधी युनि-असिस्टचं व्हीपीडी नावाचं प्राथमिक तपासणीचं पत्र लागतं आणि मग विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करायचा असतो. म्हणजे ३१ मेची मुदत असेल तर युनि-असिस्टकडे कागद मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलेले बरे.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षात उत्साहानं आयईएलटीएस दिली आणि नंतर नोकरी करून दोन वर्षांनी जायचं ठरलं, तर ती पुन्हा द्यावी लागेल.

## ६. शिष्यवृत्ती हवी असेल तर विंटरच

डाडच्या विकास-संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्जाच्या तारखा बहुधा आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येतात, आणि त्यांना संबंधित क्षेत्रातला साधारण दोन वर्षांचा अनुभवही हवा असतो. म्हणजे अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वर्षभर आधी तुमचे कागद तयार पाहिजेत. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही वर्षातून एकदा जाहीर होते आणि ती ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरच्या प्रवेशांशीच जुळते. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, ती अर्ज करण्यापूर्वी तपासा, कारण त्यावर विद्यापीठांची यादीच बदलू शकते. शिष्यवृत्तीवर सगळं अवलंबून असेल तर समरचा विचार करू नका.

## ७. पैसे कधी जमवायचे

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, जर्मनमध्ये त्याला श्पेरकोंटो म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो काढता येतात. आजच्या भावानं ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. खातं ऑनलाइन काही दिवसांत उघडतं. वेळ लागतो तो शैक्षणिक कर्ज मंजूर व्हायला. तारण ठेवायचं असेल तर घराची कागदपत्रं, मूल्यांकन, वकिलाचा अहवाल यात सहज महिना-दीड महिना जातो. सातबारा किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आजोबांच्याच नावावर असेल तर आणखी. प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता बँकेशी बोलणं सुरू करा.

परदेशी पैसे पाठवताना ठरावीक मर्यादेच्या वर टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच गोळा केलेला आयकर, कापला जाऊ शकतो. ती मर्यादा आर्थिक वर्षाची असते आणि कापलेली रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. समरला जाणाऱ्यांचे पैसे ३१ मार्चच्या आधी जातात, त्यांनी पुढचे मोठे हप्ते एप्रिलनंतर पाठवले तर नव्या वर्षाची मर्यादा मिळते. आपल्या सीएला हे आधी विचारा.

## ८. व्हिसा: बारा आठवडे धराच

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो, कागदांची तपासणी तिथेच होते आणि बोटांचे ठसे व मूळ कागद देण्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं. काही जणांचं काम महिन्याभरात होतं. पण हिशेब बारा आठवड्यांचा करा.

१ जुलै २०२५ पासून एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला तर दूतावासाकडेच विनामूल्य फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. त्यामुळे "आधी टाकून बघू, काही कमी असेल तर नंतर देऊ" हा मार्ग उरलेला नाही. पहिलाच अर्ज पूर्ण असला पाहिजे. एवढ्यासाठी तारीख दोन आठवडे पुढे गेली तरी चालेल.

## ९. मग तुम्ही काय निवडाल

एपीएस शेवटच्या वर्षातच झालं आहे, गुण पुरेसे आहेत, एटीकेटी नाही, घरचे पैशांना तयार आहेत: त्याच वर्षीचं विंटर धरा आणि मागे वळून पाहू नका. वर्गातले बहुतेक जण तुमच्यासारखेच नवे असतात, ओळख-सप्ताह मोठा असतो, विषयांचा क्रम सरळ लागतो.

निकालानंतर एपीएस, पण विषय तोच आणि मोड्यूलहांडबूखमध्ये समरची वाट मोकळी आहे: समर उत्तम. राहायला जागा मिळणं त्या वेळी तुलनेनं सोपं जातं. ऑक्टोबरमध्ये म्युनिक, फ्रांकफुर्ट, हांबुर्ग अशा शहरांत विद्यार्थ्यांची एकदम झुंबड उडते आणि श्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांबलचक असते. हवेचाही फरक पडतो. एप्रिलमध्ये दिवस मोठा होत जातो, तर विंटरला जाणाऱ्याच्या वाट्याला नवा देश आणि दुपारी चारला मावळणारा डिसेंबरचा सूर्य एकत्रच येतात. मनानं हळव्या असलेल्या मुलामुलींनी याचा विचार जरूर करावा, यात कमीपणा काही नाही.

विषय बदलायचा आहे, किंवा कोर्स फक्त विंटरला आहे, किंवा कागद लांबले आहेत: पुढच्या वर्षीचं विंटर. इथे घरात "गॅप पडेल" ही भीती सुरू होते. जर्मन विद्यापीठं मधल्या वर्षासाठी गुण कापत नाहीत. त्यांना एवढंच हवं असतं की सीव्हीमध्ये प्रत्येक महिन्याचा हिशेब असावा. नोकरी, इंटर्नशिप, जर्मन भाषा, काहीही चालेल. पुणे आणि मुंबईच्या माक्स म्युलर भवनात किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये या वर्षात जर्मनच्या बी१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत पोहोचता येतं. इंग्रजीतून मास्टर्स करणाऱ्यालाही अर्धवेळ नोकरी शोधताना याचा केवढा उपयोग होतो ते तिथे गेल्यावरच समजतं. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण भाषा येत नसेल तर छोट्या शहरात काम मिळणं कठीण होतं.

मधल्या वर्षात नोकरी धरणार असाल तर बाँड आणि नोटीस पीरियड वाचूनच सही करा. ९० दिवसांची नोटीस आणि जुलैत आलेलं प्रवेशपत्र यांचा मेळ बसत नाही.

वयाचाही एक मुद्दा आहे. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त सरकारी आरोग्यविमा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. २८-२९ व्या वर्षी जाणाऱ्यांनी एक सेमिस्टर पुढे ढकलण्यापूर्वी याचा खर्च मोजावा.

आणि "विंटरला गेलं तर नोकरी लवकर लागते" हे कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. आपल्याकडच्यासारखा कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम तिथे नसतो, कंपन्या वर्षभर माणसं घेतात. मास्टर्स संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो, तो सप्टेंबरमध्ये संपलेल्यालाही आणि मार्चमध्ये संपलेल्यालाही सारखाच.

## १०. कागदांची यादी

एका फोल्डरमध्ये मूळ प्रती, एका फोल्डरमध्ये झेरॉक्स आणि सगळ्याचे स्वच्छ स्कॅन.

- पासपोर्ट (शिक्षण संपेपर्यंत वैध असलेला उत्तम)
- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं
- पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट
- प्रोव्हिजनल किंवा अंतिम पदवी प्रमाणपत्र
- शिक्का असलेला सिलॅबस आणि श्रेणी-पद्धतीचं स्पष्टीकरण
- एपीएस प्रमाणपत्र
- आयईएलटीएस किंवा टोफेल, लागेल तिथे जीआरई किंवा गेट
- तक्त्याच्या स्वरूपातला सीव्ही, प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेगळं मोटिव्हेशन लेटर
- शिफारसपत्रं, अनुभवपत्रं
- ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला किंवा शिष्यवृत्तीचं पत्र
- आरोग्यविमा: प्रवासाच्या दिवसापासून प्रवेश नोंदणीपर्यंतचा आणि पुढचा विद्यार्थी विमा
- नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्र

मूळ कागद चेक-इन सामानात टाकू नका. तिथे पोहोचल्यावर शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते, त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. घर पाहण्याआधी डिपॉझिट मागणाऱ्या जाहिरातीला पैसे पाठवू नका. विंटरच्या आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशा फसवणुकी जोरात चालतात, कारण तेव्हा सगळेच घायकुतीला आलेले असतात.

## ११. वेळेत पोहोचणं जमत नसेल तर

सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला, व्हिसा आलेला नाही. अशा वेळी घाबरून नवी तिकिटं काढू नका. प्रवेशपत्रावर नोंदणीची शेवटची तारीख असते, ती आधी वाचा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला व्हिसा अर्जाच्या पावतीसह लिहा आणि उशिरा नोंदणी किती तारखेपर्यंत चालेल हे लेखी विचारा. बरीच विद्यापीठं दोन-तीन आठवडे थांबतात. ओळख-सप्ताह हुकतो, पण तासिका भरून काढता येतात. सेमिस्टरच्या परीक्षांची ऑनलाइन नोंदणी मात्र ठरावीक काळात करावी लागते, तिची तारीख याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

तीही तारीख टळणार असेल तर प्रवेश पुढच्या सेमिस्टरला आपोआप जाईल असं समजू नका. बहुतेक ठिकाणी प्रवेश त्याच सेमिस्टरपुरता असतो आणि नव्यानं अर्ज करावा लागतो. एपीएस पुन्हा काढावं लागत नाही, ते कायम चालतं. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तसेच ठेवून पुढच्या व्हिसासाठी वापरता येतात, किंवा खातं बंद करून परत मागवता येतात. आणि आधीच्या प्रवेशपत्राची प्रत जपून ठेवा. नव्या अर्जात आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ती जोडली तर मधले महिने कुठे गेले याचं स्पष्टीकरण वेगळं द्यावं लागत नाही.